एका ताटात

देहूरोडच्या बाजारात रॉकेलची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. सलिमाच्या पुढं एक म्हातारी आणि हातात बाटली घेतलेली तरणी बाई बोलत होत्या. सलिमाचे कान आपसूक तिकडं लागले.

“आज आमी दोघं एका ताटात जेवणार, आजी. लगनात बसवलं व्हतं, त्यानंतर आजच. कंदिलाची काच बी पुसून ठेवलीया.”

“ग्वाड काय करतीस?”

“त्येच सुचंना. त्यांना काय आवडतं, ठावं न्हाई.”

“आगं, लगनाला वर्सं किती झाली?”

“सहा. पर वाढायच्या सासूबाई. मी भिंतीआड चुलीम्होरं. त्यांना जेवताना कंदी बघितलंच न्हाई.”

“मग सासूला इचार की.”

“त्या दिवाळीत वारल्या.”

“मग आता तूच वाढत आसशील.”

“तवापासनं ते खाणावळीतच जेवून येत्यात.”

“आन् आज घरी जेवतो म्हणला?”

“सकाळी म्या म्हणलं, लवकर या, संगट जेवू.”

“मग?”

“म्हणले, उगं रॉकेल जाळू नगंस.”

सलिमानं मान खाली घातली.

तेवढ्यात त्या बाईचा नंबर आला. तिनं बाटली पुढं केली.

“गळ्यापतुर भरा, दादा.”