केळ्याला सात-बारा नसतो

मी मूळची इथलीच, वसईची, पण वाडीवाल्यांतली नाही, हे आधी लिहा मास्तर, नाहीतर लोक म्हणतील नातालबायला बापाची बागायत होती म्हणून एवढी टेचात बोलते. माझा बाप दुसऱ्यांच्या वाड्यांना पाणी लावायचा, रहाटाच्या बैलामागं फिरून फिरून त्याचे पाय वाकडे झाले, आणि ज्यांच्या केळी त्यानं वाढवल्या त्यांनी त्याच्या मयतीला चार फुलं आणली, ती पण सुकलेली. तिथून माझी किळस सुरू होते, काय सांगू तुम्हाला.

लग्न झालं तेव्हा वाटलं, आता आपली पण वाडी. छोटीच होती, पण होती. नवऱ्याला कावीळ झाली आणि तो गेला, आणि चर्चमध्ये त्याच्या महिन्याच्या प्रार्थनेची मिस्सा झाल्याबरोबर दीर म्हणाला, वहिनी, कागदावर माझं नाव आहे, तुम्ही घरात राहा, जेवा, वाडीचं मी बघतो. जेवा म्हणे. जसं काही कुत्रं पाळलंय. मी दुसऱ्या दिवशी टोपली उचलली, लोकांच्या वाडीतली केळी उधारीवर नाही, हातावर पैसे ठेवून घेतली आणि मुंबईत विकायला बसले. पहिल्यांदा रडू यायचं, मग राग यायला लागला, आणि रागानं धंदा चांगला होतो हे मला कळलं. एक बाई केळं दाबून दाबून बघायची, मी म्हटलं, ओ बाई, केळं आहे, तुमच्या नवऱ्याचा गाल नाही. ती हसली आणि डझनभर घेऊन गेली, पुढं कायमची गिऱ्हाईक झाली. तर असं माझं शिक्षण.

आता सोसायटीचं सांगते, तुम्ही त्यासाठीच आलात ना. आमच्या बागायतदारांची सोसायटी, चर्चच्या मागं तिची मोठी शेड, एक ट्रक. खत आणायची, माल न्यायची, चांगलं काम होतं, खोटं कशाला बोलू. ख्रिश्चन, हिंदू सगळे वाडीवाले तिच्यात होते. पण मेंबर कोण, तर ज्याच्या नावावर वाडीचा सात-बारा तो. मी एकदा मीटिंगला जाऊन उभी राहिले, म्हटलं, तुमची अर्धी केळी मी विकते, मला मेंबर करा. चेअरमन बस्त्यावकाका चष्मा पुसत म्हणाले, नातालबाय, तू तर दलाल, सोसायटी काढली ती दलालांपासून वाचायला. सगळे हसले. तुमचे वडील पण तिथंच बसले होते मास्तर, ते पण हसले, रागावू नका, लिहा.

मग ते वादळ आलं. सत्तरची सालं सरत आली होती, नाताळ तोंडावर आला होता, राजेळी केळ्यांचे लोंगर, घडच्या घड, भरून वाकले होते, आणि दिवस-रात्र असा वारा सुटला की सकाळी वाडीत एक केळ उभी नाही, जिथं बघावं तिथं लोंगर चिखलात आडवे. माणसं नुसती कुंपणाला धरून उभी. राजेळी कच्ची खात नाहीत, आणि एवढी सगळी एकदम पिकली तर घेणार कोण. मुंबईचे व्यापारी लगेच आले, गिधाडांना कसं कळतं बघा, आणि म्हणाले, ट्रक भरा, भाव नंतर बघू. भाव नंतर. थू.

वाडीवाले तरी घरात भात शिजवू शकत होते, पण रोजानं येणाऱ्या बायका? लांब डोंगराकडच्या चांदीपहून जाना यायची, तिच्यासारख्या कितीतरी, पहाटे निघून यायच्या, वाडीत पाणी, खुरपणी. ती मला रस्त्यात भेटली, म्हणाली, मावशी, केली पडल्या आता आमाला कोन बोलावनार, पोरांना नुसतं पानी पाजू का. 

तेव्हा सोसायटीनं एक शहाणपणाची गोष्ट केली, ती मी नाकारत नाही. बस्त्यावकाकांनीच काढली. म्हणाले, सगळे लोंगर शेडमध्ये आणा, गवतात घालून, धुरी देऊन पिकवू आणि सुकेळी करू. सुकेळी म्हणजे सोललेली राजेळी उन्हात वाळवायची, दिवसा मांडवावर पसरायची, दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, परत पसरायची, होईपर्यंत, मग केळीच्याच सुक्या पानात बांधायची. मधासारखी लागतात आणि महिनोन् महिने टिकतात. आमच्याकडं हे दोन-चार घरांत करायचे, देण्याघेण्यापुरतं. गावानं मिळून कधी केलं नव्हतं. बायकांना रोज मिळेल, दुपारची पेज शेडमध्येच, आणि जे विकेल ते सगळ्यांत वाटू. चांगलं की नाही? चांगलं. पण विकणार कोण? कमिटीतल्या एकाला तरी आयुष्यात भाव करता आला होता का? तेव्हा आठवली दलाल.

माझ्या दारात आले तिघं, बस्त्यावकाका पुढं. मी त्यांना बसायला पाट दिला नाही. म्हटलं, विकते, पण मला मेंबर करा. ते म्हणाले, हो हो, बघू, करू. मी म्हटलं, असं नाही, क्रुसाजवळ चला. चर्चच्या आवारातल्या क्रुसावर हात ठेवून बस्त्यावकाका म्हणाले, सुकेळी विकली गेली की तू मेंबर. मी ऐकलं, देवानं ऐकलं.

शेडमध्ये गेले तर काय तमाशा. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडं प्रत्येक घराची लोंगराच्या दांड्यावर कोयत्यानं मारायची खूण असते, कुणाची दोन रेघा, कुणाची फुली. तर हे शहाणे आपापली खूण बघून वेगळे ढीग लावून बसले होते. माझी गोडी वेगळी, त्याची वाडी खारी, त्याच्या केळ्यांत माझी मिसळू नका. मांडव एक, ऊन एक, आणि ह्यांची भांडणं की पुढची उन्हाची जागा कुणाची. एक म्हातारा तर खाट टाकून आपल्या ढिगाजवळ झोपला, केळी चोरीला जातील म्हणून. पिकलेली केळी काळी पडायला लागली, माश्या घोंगावतायत, बायका कोयते घेऊन रिकाम्या उभ्या, सोलायची कुणाची आधी म्हणून. घर बुडालेलं आणि हे भांड्यांवरची नावं वाचत बसलेले. मला अशी शिसारी आली की सांगता येत नाही.

दुपारी हे सगळे जेवायला घरी गेले. मी जानाला म्हटलं, कोयता चालव. फण्या काप, सगळ्या एका ढिगात टाक, दांडे सगळे बाहेर. ती घाबरली, म्हणाली, मावशी, मारतील. मी म्हटलं, मला मारतील, तू काप. बायका लागल्या, आणि जेवून ढेकर देत मंडळी परत आली तेव्हा दांडे बाहेर गुरं चघळत होती, आणि आत डोंगरासारखा एकच ढीग. कुणाचं केळं कुठलं, सांगा आता. काय बोंबाबोंब झाली. बस्त्यावकाका म्हणाले, बाय, हे तू काय केलंस, कुणाचं किती हे कसं कळणार? मी म्हटलं, केळ्याला सात-बारा नसतो काका. सोला.

सोललं मग सगळ्यांनी. वाडीवाल्यांच्या बायका आणि चांदीपच्या बायका एका पंगतीत बसून, जे कधी झालं नव्हतं. ऊन पण चांगलं पडलं. नाताळात आमच्या आवाराला असा वास होता की मिस्साला आलेली पोरं प्रवचन सोडून मागं शेडकडं बघायची.

मी मुंबईत सुक्या मेव्याच्या दुकानांत फिरले. एका शेठनं पान उघडलं, हुंगलं, म्हणाला, बाई, ये तो काला है. मी म्हटलं, शेठ, खजूर काय गोरा असतो? तो म्हणाला, भाव कमी करा. मी पुडकी बांधायला लागले. तो म्हणाला, अरे बसा बसा. मी बसले नाही, उभ्यानंच भाव केला, कारण बसलेल्या माणसाला उठवत नाही हे दुकानदारांना माहीत असतं. सगळा माल गेला. सगळा. सगळ्या घरांना सारखा वाटा मिळाला, बायकांना रोज मिळाला, केळीची नवी रोपं लावेपर्यंत गावात कुणी उपाशी नाही राहिलं. चांदीपच्या त्या पोरांनी पण नुसतं पानी नाही प्यायलं. सोसायटीनं गाव वाचवलं असं जे म्हणतात, ते खरं आहे. लिहा खरं आहे म्हणून.

आणि आता पुढचं पण लिहा. वर्षाची मीटिंग झाली, कमिटीला हार, फोटोवाला आलेला. मी नवं लुगडं नेसून गेले, क्रुसावरचा शब्द होता ना. बस्त्यावकाका माइकवर म्हणाले, नातालबायच्या मदतीची आम्हाला जाणीव आहे, पण नियमाला आम्ही बांधलेले, सात-बाऱ्यावर नाव नाही, तर सोसायटीतर्फे ही प्रेमाची भेट. आणि स्टीलचा डबा दिला मला. झाकणावर सोसायटीचं नाव कोरलेलं. टाळ्या वाजल्या. मी तो डबा घेतला, फेकला नाही, स्टील चांगलं होतं. तेव्हापासून त्यात कोंबड्यांचे दाणे ठेवते. तो बघा, तिथं आहे.

मग मी हट्टानं जमीन घेतली. लोक बिल्डरला वाड्या विकायला लागले, पाणी विकायला टँकर लागले, विहिरी उपसून खाऱ्या झाल्या, आणि एका मेंबरानंच आपला कोपऱ्यातला तुकडा विकायला काढला, बिल्डरला तो अडचणीचा होता म्हणून. मी त्याच्याशी पावसाळाभर भाव केला, त्याला रडकुंडीला आणलं आणि घेतला. राजेळी लावली. मेंबर व्हायला मात्र परत गेले नाही, थुंकलेलं कोण चाटेल.

आता गंमत बघा. सगळ्यांच्या वाड्या गेल्या, इमारती झाल्या, आणि सरकारी साहेब येऊन म्हणाला, तुमच्या नियमाप्रमाणं बागायतदार मेंबर उरलेच नाहीत, सोसायटी बंद करा. शेडच्या जागेवर बिल्डरचा डोळा आहेच. तर मागच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर बस्त्यावकाका काठी टेकत माझ्या दारात. बाय, तू मेंबर हो, तुझ्या नावावर वाडी आहे. मी म्हटलं, होते. पण ज्या बायकांनी त्या वेळी केळी सोलली त्या सगळ्या आधी. ते म्हणाले, त्यांच्याकडं जमीन कुठंय? मी म्हटलं, तुमच्याकडं कुठंय हो आता काका? म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, नियम बदलावा लागेल. मी म्हटलं, बदला, आणि पहिली सही जानाची घ्या. ती आता वालीवला कारखान्यात पॅकिंग करते, संध्याकाळी चांदीपला घरी असते. काकांना म्हटलं, तुम्ही स्वतः जा, शिपाई पाठवू नका. तिच्या खाली माझं नाव.

परवा मी त्यांना चांदीपच्या एस.टी.त चढताना बघितलं. एक पाय पायरीवर, काठी बगलेत, कंडक्टर ओढतोय. आयुष्यात पहिल्यांदा त्या गावाला चालले असतील. मला आनंद झाला असं लिहू नका. एवढ्या वर्षांनी गेले, ते पण गरज पडली तेव्हा, चिडच आली. पण शेड राहायला हवी मास्तर, पुन्हा कधी वारा सुटला तर बायकांनी बसायचं कुठं.

चला, अंधार पडेल. ही सुकेळी घरी न्या, पोरांना द्या, देव त्यांचं भलं करो. डब्यात नाही देत, पानात बांधून देते.