तुळशीपाशी कॅमेरा

"तुमाला फेटा बांधून टीव्हीवर दिसायचंय, दुसरं काय न्हाई! रोहिणीच्या लग्नाला फोटो बास हायेत. शूटिंग कावून पायजे?" स्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावरली बाई नवऱ्यावर तडकली.

"हळू बोल, सगळं स्टँड ऐकायलंय. अक्षता पडताना तू कुठं असशील?"

"मागल्या दारी, तुळशीला पाणी घालत. पोरीच्या आईनं लग्न बघायचं नसतं."

"मंग? थोरलीच्या लग्नानंतर मलाच इचारत व्हतीस, हार घालताना ती हसली का रडली. मला सांगता आलं का?"

बाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणली, "शूटिंगवाल्याला म्हणावं, रोहिणीच्या तोंडावरून हलू नको."

"हलंल की. त्याला तुळशीपाशी बी पाठवितो."

"अवं, मी रडत असन तिथं!"

"रड की. पोरीला बी दिसू दे."

माझ्या गाडीचा कंडक्टर बोंबलायलाय. जातो आता, न्हाईतर जागा जायची.