किड्याच्या पोटातली बुरशी

...नाही, पण मला सांगा, ऑपरेशन थिएटरच्या दारात नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा की अळ्यांचा डबा? आणि तो कशासाठी, तर बुरशीसाठी! तीही पावावरची नव्हे, किड्याच्या पोटातली! आमची ही बुरशीची अभ्यासक, वर्षानुवर्षं ओढ्यातल्या अळ्या आणते, सुईनं त्यांचं आतडं उलगडते, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते आणि म्हणते, "अगंबाई, किती देखणी!" माझ्याकडे बघून कधी म्हणाली नाही... जाऊ दे.

तर हिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर नको. आणि ही म्हणते कशी, "डॉक्टर, दोन दिवस थांबलं तर? ओढा स्लॅब टाकून बुजवतायत, त्याच्या आत अळ्या आणायच्यात." डॉक्टर नाही म्हणाले. मग अळ्या कोणी आणल्या? मी! गुडघाभर पाण्यात दगड उलटे करत! कशासाठी? किड्याच्या पोटातल्या बुरशीसाठी!

बरं, अळी जिवंतच हवी. ती मेली की आतली बुरशीही कुजली. म्हणून पाणी गार, म्हणून डबा बर्फात. मी म्हटलं, घरी फ्रिजमध्ये ठेवतो. तर म्हणे, "अहो, आणि वीज गेली म्हणजे?" झालं! डबा मांडीवर घेऊन मी दवाखान्यात. वॉर्डबॉयनं बर्फ पाहिला आणि ओरडला, "सरका, सरका! अवयव आलाय!" अख्खा व्हरांडा उठून उभा! एका आजींनी हात जोडले, "कुणाचं काळीज रे बाबा?" आता काय सांगू, किड्याच्या पोटातली... म्हटलं, "बायकोचं." खोटं बोललो का, सांगा?

मग दार बंद झालं. वर तो लाल दिवा... मी डब्यातच बघत बसलो. हलतायत ना? हलतायत. मनात आलं, या जगल्या तर हीही जगेल. एरवी असलं काही मानत नाही हो मी! त्या दिवशी मानलं. बर्फ बदलून बदलून बोटं बधिर झाली, पण डबा खाली ठेवला नाही.

संध्याकाळी तिला बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली." मी वाकलो. तिचे ओठ हलले, "जिवंत... आहेत?"

"आहेत गं, सगळ्या आहेत!" मला रडू आवरेना. ती हसली. मग डॉक्टरांना खुणेनं जवळ बोलावलं. "ती गाठ... तपासणीत सगळी संपवू नका. थोडी मलाही बघायचीय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी डबा पुढे केला. म्हटलं, "द्या. बर्फ आहे अजून."