तेच कार्ड दुसऱ्यांदा

द्राक्षांचं नाव काढू नका माझ्यासमोर! परवा दिंडोरीला सर्व्हेला गेले होते. कार्डावर दोन पेट्यांचे फोटो असतात. एकीत फवारणी केलेली टपोरी, चकचकीत द्राक्षं, दुसरीत बिनफवारणीची, बारीक, डागाळलेली. कुठली घ्याल, एवढंच विचारायचं. शेवटी पहिलंच कार्ड पुन्हा दाखवायचं, माणूस आपल्या निवडीवर ठाम राहतो का ते बघायला.

एका बागायतदार काकूंनी माझ्यापुढे द्राक्षांची ताटली ठेवली. मी खात खात विचारत होते. आधी त्यांनी बारीक द्राक्षं निवडली. शेवटी तेच कार्ड आलं, तर बोट थेट टपोऱ्यांवर!

"काकू, मघाशी तर बारीक म्हणालात?"

"मघाशी घरच्यांसाठी सांगितलं. आमच्या पोरांना खायला एक ओळ वेगळी ठेवलीय, तिच्यावर औषध मारत नाय आम्ही. तुम्ही परत विचारलं, मला वाटलं आता पाहुण्यांसाठी विचारताय."

माझा हात ताटलीतच थांबला. अर्धी ताटली संपली होती.

काकू म्हणाल्या, "खा ना, लाजता काय? तुमच्यासाठी मुद्दाम टपोरी बघून आणलीत!"