मुलाखतीआधीचा तास

माझा पहिला तास मी मुलाखतीआधीच घेतला, सांगितलं नाय का कधी? एम.ए. झालो अन् शेंद्र्याकडच्या एका कॉलेजात इतिहासाच्या प्राध्यापकाच्या जागेसाठी गेलो. बाहेर बाकावर दुसरा उमेदवार होता. म्हणाला, "भाऊ, निजामाचं थोडं सांगून ठेवा. वाचलंच नाय." मी त्याला पोलीस ॲक्शनपर्यंत आणून सोडलं.

आत अध्यक्षांनी विचारलं, "शिकवायचा अनुभव?"

"आत्ताच बाहेर एकाला शिकवून आलो, साहेब."

"तो आमचा पुतण्या. कसा वाटला?"

"लई कच्चा आहे."

"मग तर तुम्ही लागतालच. कायम जागा त्याला दिलीय. तुम्ही तासिका तत्त्वावर या. तुम्ही त्याला शिकवा, तो पोरांना शिकवील."

कधीपासून येऊ, एवढंच मी विचारलं.