शेकोटीची भिंत

बहारीनमध्ये आमच्या घरी शेकोटी आहे म्हटलं की लोक हसतात. हसा, पण ती बसवली त्या दिवशीचं ऐका.

गॅसची ती शेकोटी शुभाने, माझ्या बायकोने, हौसेने मागवली होती. खोका जनाबिया गावातल्या आमच्या घरी पोचला तो ती गेल्यानंतर. परत पाठवायचं माझ्याच्याने होईना. बसवायचीच, असं ठरवलं.

बसवायला केरळचा बिजू आला. हॉलभर फिरून त्याने दक्षिणेच्या भिंतीवर हात ठेवला. "सर, इधरही. पाइप बाहर निकालना है ना? बाकी दीवार में खिड़की है, और उत्तर में शमाल का हवा गॅस वापस अंदर मारेगा."

त्या भिंतीवर शुभाचा फोटो होता. पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, स्वतः लावलेला.

"गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेलाच असतो," अक्का म्हणाली. "हलवायचा नाही. शेकोटी खाली बसवा, फोटो वर राहील."

"अम्मा, ऊपर बहुत गरम होगा. फोटो खराब."

"मग नकोच ती शेकोटी. खलास!" इथे येऊन अरबांचं ऊठसूट 'खलास' म्हणणं तिने उचललं होतं.

मी खोका बंद करायला वाकलो. अक्का फोटोकडे बघत राहिली. मग तिने स्टूल ओढलं आणि स्वतःच फोटो उतरवला.

"अरे, फोटो शेकोटीच्या वर टांगला तर ती पेटलेली शुभाला दिसणार कशी?" ती म्हणाली. "समोरच्या भिंतीला खिळा मार."