बॉनेटवरच्या सरळ रेषा

कर्रर्र…! बस्स, एवढाच आवाज हो. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली असतील. मी गाड्या धुण्या-चमकवण्याच्या कामावर नवा नवा लागलो होतो, माझ्या फडक्याखाली वाळूचा एक कण आला, एकच, आणि पार पलीकडच्या टोकाला दुसऱ्याच गाडीखाली आडवे झालेले आमचे मिस्त्री तिथूनच ओरडले, "कोण रे तो गाडीवर नांगर फिरवतोय?" नांगर! मिस्त्रींचे नुसते पाय गाडीबाहेर दिसत होते. कान गाडीखाली, आणि ऐकू आलं! त्या दिवशी तो आवाज माझ्या कानात जो बसला तो बसला. आणि आता मला सांगा, असा तयार कान असलेल्या माणसाने, सत्तरी उलटल्यावर, स्वतःच्या जावयाच्या गाडीवर… छे. जीभ वळत नाही. तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. आमच्या हिला विचारा. लग्नानंतर पहिला आठवडाभर तिला वाटत होतं, मला दातदुखी आहे.

तर गाडी. गाडी काळी. पांढरी गाडी सगळं पोटात घालते हो, काळी गाडी चुगलखोर. बोट लावा, सांगते. फडकं फिरवा, सांगते. आणि ही तर जावईबापूंच्या वडिलांची. ते गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरामागच्या शेडमध्ये कापड पांघरून उभी. जावयांची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्या शेडकडे बघायच्या नाहीत, कपडे वाळत घालायलासुद्धा वळसा घालून जायच्या. आणि परवा आपण होऊन म्हणाल्या, रविवारी मला त्या गाडीतून जरा फिरवून आण. झालं! जावई माझ्याकडे आले. "बाबा, पॉलिश आणि वॅक्स मी करीन. पण त्याच्या आधीचं जे असतं ना, साफ करायचं… ते दाखवाल का?"

लग्नाला सहा वर्षं झाली, या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायचे. आणि मागितलं तेही काय, तर मला जन्मात येणारी एकुलती एक गोष्ट! शिक्षण माझं चौथी, तीही अर्धी. सभेत बोलता येत नाही, अर्ज लिहिता येत नाही. पण गाडीचा रंग पॉलिशच्या आधी कसा तयार करायचा, ते मला झोपेतून उठवून विचारा. माझ्या छातीत असं काही भरून आलं म्हणता…

आणि मग मी बोलायला लागलो.

आम्ही दोघं आदल्या रात्रीच त्यांच्या घरी मुक्कामाला गेलो, आणि शनिवारी सकाळी सातला लागलो. "जावईबापू, गाडी सावलीत घ्या. पत्रा गार आहे का बघा, हात ठेवून बघा, डोळ्यांनी नाही. आधी चाकं. चाकं शेवटी धुतलीत तर तोच चिखल वर उडतो. बादल्या दोन! एकीत साबण, एकीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात झटकायचं, मग साबणात. उलट केलंत, गाडी गेली. वरून खाली यायचं, खालून वर नाही. टप, काचा, बॉनेट, मग दारं. आणि हात सरळ चालवा, सरळ! गोल गोल नको. तुम्ही भांडी घासताय का?"

ते आपले "हो बाबा, हो बाबा". पण हात काही सुधरेना. वळला की गोल, वळला की गोल! मी चारदा सांगितलं, सहादा सांगितलं. एकदा तर मनगट धरून सरळ रेघ मारून दाखवली, पहिलीच्या वर्गात बाई दाखवतात तशी. बँकेतला माणूस आहे हो, हाताखाली आठ जण आहेत त्यांच्या, आणि इथे माझ्यासमोर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. मुलगी खिडकीतून म्हणाली, "बाबा, हळू जरा, शेजारी ऐकतायत." म्हटलं, ऐकू देत, त्यांच्याही गाड्या सुधरतील. आणि तरीही तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही.

धुऊन झाली. मग डांबराचे ठिपके काढले, झाडाचा डिंक काढला. मग ते औषध फवारलं, चाकांतून उडालेली लोखंडाची बारीक भुकटी रंगात रुतते ना, तिच्यावरचं. पाच मिनिटांत गाडीवरून जांभळे ओघळ! जावई घाबरले. "बाबा, रंग जातोय?" म्हटलं, "रंग नाही, लोखंड जातंय. रडू द्या तिला, दोन वर्षं कोंडून ठेवलीत." ते जरा हसले. मग मी त्यांना पिशवीची युक्ती दाखवली. प्लास्टिकची पातळ पिशवी हातात चढवायची आणि धुतलेल्या रंगावरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. त्यांनी फिरवली आणि डोळे हे एवढे! "बाबा, हे तर अजून खरखरीत आहे!" म्हटलं, "आता माती."

माती म्हणजे अंगणातली नव्हे. मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा असतो, दुकानात मिळतो. साबणाचं पाणी मारायचं आणि त्यावरून हा गोळा सरकवायचा, अलगद, सरळ. रंगात रुतलेलं सगळं तो ओढून घेतो. मळला की दुमडायचा, स्वच्छ बाजू बाहेर. आणि एक नियम. तो मी त्या सकाळी किती वेळा सांगितला, मोजलं नाही. आमच्या मिस्त्रींनी मला सांगितला, मी पुढे पन्नास जणांना सांगितला, एकाला तर त्यापायी कामावरून घरी पाठवला. पडलेली माती परत लावायची नाही! जमिनीला टेकली की संपली. कितीही महाग असो, नवीन असो, कचऱ्यात. कारण ती जे भेटेल ते पोटात घेते, वाळूसुद्धा. "कळलं ना जावईबापू? पडलेली माती?" "परत लावायची नाही, बाबा." "पुन्हा म्हणा." पुन्हा म्हणायला लावलं हो मी!

टप झाला, दारं झाली. राहिलं बॉनेट. म्हटलं, बॉनेट मी करतो, ते नजरेत येतं. तुम्ही जा, चहा बघा.

ते आत गेले.

आणि गोळा पडला.

टप्. साबणाची बोटं, वय झालेली, सुटला हातातून. मी बघत राहिलो. काँक्रीटवर पडलाय, वरची बाजू स्वच्छ, आणि मला म्हणतोय, उचल. दुसरा गोळा? नव्हता. दुकान दहा मिनिटांवर. जावयांना पाठवायचं, म्हणजे काय सांगून पाठवायचं? "जावईबापू, माझ्या हातून पडला"? सकाळपासून ज्यांना हातावर छडी मारायची तेवढी बाकी ठेवली, त्यांना? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भिंतीवर एक मांजर होतं. त्याने बघितलं. पण मांजर कुणाला सांगणार?

उचलला. शर्टाला पुसला! शर्टाला, हो! मळलेली बाजू आत दुमडली, म्हटलं, आत गेली म्हणजे गेली. पाणी मारलं आणि लावला बॉनेटला.

कर्रर्र…!

ऐकलं ना मी. स्वच्छ ऐकलं. आणि मी काय केलं असेल? मी शेजारच्या खिडकीकडे बघितलं! जसं काही त्यांनीच खुर्ची ओढली. आणि पुन्हा हात चालवला. तुम्ही म्हणाल, आवाज आल्यावर तरी थांबायचं. अहो, थांबलो असतो तर ऐकल्यासारखं झालं असतं! म्हणून नाही थांबलो. सहा वेळा हात फिरवला. मग टॉवेल टेकवून पाणी टिपलं, आणि… काळी गाडी, म्हटलं ना मी. सहा रेषा. नख फिरवून बघितलं. नख अडकलं. नख अडकलं की पॉलिशने जात नाही, नुसती पुसट होते. हेही सकाळी मीच शिकवलं होतं.

तेवढ्यात ते दोघे आले, जावई आणि मुलगी, चहाचा ट्रे घेऊन. मुलीने बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "हे काय? हे कुणी केलं?"

आता इथे बोलायचं होतं. एकच वाक्य होतं हो. दोन शब्दांचं. माझ्याकडून झालं. पण सकाळपासून ज्या तोंडाला उसंत नव्हती, ते तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं माहितीये? मी म्हणालो, "मी यांना सकाळपासून सांगतोय… गोल गोल फिरवू नका."

खोटं नाही बोललो! सांगितलंच होतं ना? प्रत्येक शब्द खरा. वकिलालासुद्धा सुचणार नाही इतका खरा. लाज वाटते सांगायला.

मुलगी नवऱ्यावर उसळली. "अरे, बाबा घसा कोरडा करून सांगतायत, तुझं लक्ष कुठे असतं? रविवारी आईंना काय दाखवणार आहेस? एक गोष्ट धड करता येत नाही का तुला?" ते वाकले, बॉनेटच्या पातळीला डोळा लावला, मीच शिकवला होता तसा, आणि रेषा बघितल्या. मग मीही बघितल्या, आणि मला घाम फुटला. कारण त्या सहाच्या सहा रेषा सरळ होत्या हो! पट्टी ठेवून मारल्यासारख्या. एकीला बाक नाही. अख्ख्या घरात तशी सरळ रेघ ओढणारा हात एकच. मुलीला कळलं नाही. त्यांना कळलं. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, नीट, सावकाश. मग बायकोला म्हणाले, "हो. माझ्याकडूनच झालं."

आणि मी चहा प्यायलो. मुलीने विचारलं, "बाबा, अजून देऊ?" म्हटलं, दे.

दुपारभर ते पॉलिश करत होते, मी पायरीवर बसून. म्हटलं, आता सांगतो. "जावईबापू…" "हो बाबा?" "…फडकं कोरडं आहे ना?" "आहे." थोड्या वेळाने, "जावईबापू…" "हो बाबा?" "…ऊन फिरलं बघा." "गाडी सावलीतच आहे, बाबा." तिसऱ्यांदा नुसतं "जावई" एवढंच म्हणालो आणि खोकलो. त्यांनी पाणी आणून दिलं. अहो, निदान आदळून तरी ठेवायचा तांब्या! तोही अलगद ठेवला. आणि बॉनेटवर त्यांचा हात चालला होता तो सरळ. एकदाही गोल गेला नाही. मला बघवेना. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. ही म्हणाली, "दुखतंय का काही?" म्हटलं, नाही. सवयीने तिने तेल काढून गुडघ्यांना लावलं.

रविवारी सकाळी विहीणबाई आल्या शेडकडे. स्वच्छ साडी, केस नीट बांधलेले. गाडी अशी चमकत होती की त्यांना स्वतःचा चेहरा दिसला दारात, तर दोन पावलं थांबल्या. मग जवळ आल्या आणि दारावरून हात फिरवला, टपावरून फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. बॉनेटपाशी आल्या आणि बोट थांबलं. "हे काय रे? हे नव्हतं." मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या वेळी नव्हतं हे."

जावई म्हणाले, "आई, ते माझ्या—"

"मी!" कोण ओरडलं म्हणून मीच वळून बघितलं. "मी केलं, ताई. मी! माती पडली, मी उचलली, शर्टाला पुसली, मांजराने बघितलं, आवाज आला तरी मी थांबलो नाही, आणि नाव यांच्यावर ढकललं, यांनी मुकाट घेतलं, बायकोची बोलणी खाल्ली, आणि मी तिथेच दोन कप चहा प्यायलो…" सगळं! मिस्त्रींपासून सगळं! सुरू झालो तो थांबेचना. त्यांना बिचाऱ्यांना गाडीत बसायचं होतं हो, आणि मी त्यांना पिशवीची युक्ती सांगतोय! दहा मिनिटं बोलत होतो. मी बोलणारा माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण त्या दिवशी बांध फुटला.

थांबलो तेव्हा धाप लागली होती. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, टेका आधी कुठेतरी. रेषांचं काय, याच्या बाबांनी स्वतः मागच्या दाराला पोचा पाडलाय, मी काही बोलले का?" आणि जाऊन पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा. मुलगी लालबुंद. "म्हणजे काल मी याला उगाचच… बाबा!" एवढंच म्हणाली आणि सासूबाईंच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. चला, त्या दोघींचं झालं. पण मला ज्यांचं ऐकायचं होतं ते माझ्यासमोर उभे. माझ्या हातात एक रिकामी बादली. कधी उचलली, कशाला उचलली, कोण जाणे. म्हटलं, "बोला हो जावईबापू. ओरडा. चारचौघांत ओरडा, मी ओरडलो होतो तसे. शिवी द्या एखादी, सासरा आहे म्हणून राखून ठेवू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, सावकाश. माझ्या हातातून बादली काढून घेतली आणि घरामागच्या नळाकडे चालत निघून गेले. एक शब्द नाही. राग आला म्हणावं की गेला म्हणावं, माफ केलं की मनातून उतरलो, पाठीवरून काही कळेल तर शपथ! आणि दोष तरी कुणाला देऊ? मुलीचं स्थळ बघताना मध्यस्थाला मीच बजावून सांगितलं होतं… बाकी काही नको हो, मुलगा तेवढा कमी बोलणारा बघा.